अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

आज या पानावर खताची मात्रा नाही आणि करप्यावरची फवारणीही नाही. आज एका बाईंची गोष्ट सांगतो. बाईंनी कधी नांगर धरला नाही. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईचे, राहणी शहरातली. पण त्यांच्या कामातून आलेला एक शब्द तुमच्या गावात रोज दहा वेळा उच्चारला जातो. सरपंचांच्या सभेत तो असतो, ग्रामसेवकांच्या कागदावर असतो, नातवाचा हात धरून निघालेल्या आजीच्या तोंडी असतो. तो शब्द म्हणजे अंगणवाडी आणि त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

शेतीच्या माणसाला हे मध्येच कुठून सुचलं, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

माझ्याकडे दासगावच्या बाजूची गावे आहेत. मध्यंतरी पावसाच्या तोंडावर तिथल्या एका वाडीतल्या मुलांना बियाण्याची माहिती द्यायला मला बोलावणे आले. मी छापील तक्ता घेऊन गेलो, भिंतीला टांगला आणि अर्धा तास बोललो. उगवणशक्ती, बीजप्रक्रिया, सुधारित वाण, काही म्हणून सोडले नाही. मुले गप्प होती, म्हणून मला वाटले की ऐकताहेत. ती ऐकत नव्हती. पुढच्या रांगेतला एक पोरगा तर सारखा माझ्या पिशवीकडे बघत होता, कारण पिशवीतून बियाण्याच्या नमुन्यांच्या पुड्या डोकावत होत्या. अंगणवाडीच्या सेविकाताईंनी ते हेरले. त्यांनी शेजारच्या घरातून सूप आणले आणि पुड्या त्यात ओता म्हणून मला सांगितले. भात, नाचणी, वरी, वाल, कुळीथ, तूर सगळे एकत्र! नमुने मिसळले की कामातून गेले, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. पण ओतले.

पुढचा पाऊण तास मला बोलावे लागले नाही. धाकटी मुले वाल आणि तूर वेगळी करत बसली. मोठ्यांनी भात निवडले. नाचणी आणि वरी हाताने निवडायला बसले तर दिवस मावळेल, हे त्यांच्याच ध्यानात आले आणि एक मुलगी पिठाची चाळण घेऊन आली. चाळणीतून काय पडते, काय पडत नाही, यावरून भांडण झाले. मूठभर वाल जड की मूठभर भात जड, हा प्रश्न निघाला. तक्ता भिंतीवर तसाच होता, त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. (पुड्यांतले बियाणे औषध न लावलेले होते, हे आधी सांगून ठेवतो. बुरशीनाशक लावलेले बियाणे लेकरांच्या हाती चुकूनही देऊ नका. धुऊनसुद्धा नाही.)

हे कुठे शिकलात, म्हणून मी ताईंना विचारले. प्रशिक्षणात कोसबाडच्या ताराबाईंचे सांगितले होते, म्हणाल्या. मला ओशाळल्यासारखे झाले. कोसबाड म्हणजे पालघर जिल्ह्यात डहाणूजवळची टेकडी. तिथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि नोकरीच्या सुरुवातीला मी तिथे प्रशिक्षणाला चार दिवस राहून आलो होतो. रोपवाटिका पाहिली, गांडूळखत पाहिले, वहीत सगळे उतरवून आणले. त्याच टेकडीवर मुलांच्या शिक्षणाचे एवढे मोठे काम झाले, याचा मात्र मला पत्ता नव्हता. मग शोधून वाचले. त्यातले तुमच्या उपयोगाचे इथे देतो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे. आई आधी विधवा झालेली आणि तिने केळकरांशी पुनर्विवाह केलेला. त्या काळात अशा घराला समाजाचे बोलणे किती ऐकावे लागत असेल, याची कल्पना तुम्हाला आहे. पण त्याच घरामुळे मुलीला शिकता आले. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झाले. तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहानग्या मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. पुढे राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. जागा मानाची, पगार चांगला. एकट्या बाईला, पदरी लेक असताना, याहून काय हवे? ती जागा त्यांनी सोडली आणि १९२३ मध्ये भावनगरला गेल्या.

भावनगरला गिजुभाई बधेका होते. हे गृहस्थ मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची काळजी करता करता मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरीणबाईंची पुस्तके त्यांच्या हाती लागली, आणि वकिली बाजूला राहिली. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. माँटेसरीबाईंचा विचार थोडक्यात असा, की लहान मूल कानाने फार थोडे शिकते आणि हाताने पुष्कळ शिकते. म्हणून त्यांनी मुलांसाठी खास साधने बनवली. उतरत्या मापाचे दहा गुलाबी ठोकळे, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा. भोकांत बरोबर बसणारे लाकडी दट्टे. पॉलिश पेपरची खरखरीत अक्षरे, बोट फिरवून ओळखायची. यातली गोम अशी की मूल चुकले तर मास्तरला सांगावे लागत नाही. दट्टा चुकीच्या भोकात घातला तर शेवटी एक दट्टा उरतो, मग पोर स्वतःच डोके खाजवते आणि पुन्हा मांडते. तुम्ही पाभरीच्या फणात दाणा अडकला की कसा आवाजावरून ओळखता, तसेच हे. अवजारच सांगते.

भावनगरात ताराबाई सुमारे नऊ वर्षे राहिल्या. मुलांना शिकवले, शिकवणाऱ्यांना शिकवले, लिहिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. शिक्षण पत्रिका हे मासिक आधी गुजरातीत निघे, त्याची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी चालवली. नंतर मुंबईला परत आल्यावर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. बाईंचे नाव झाले. शहरातली सुशिक्षित मंडळी मुलांना आनंदाने पाठवू लागली. इथेच थांबल्या असत्या तरी लोकांनी त्यांना मोठे म्हटले असते.

पण एक गोष्ट त्यांना डाचत होती. हे सगळे पैसेवाल्यांच्या मुलांसाठी चालले होते. घोटीव लाकडाची रंगवलेली साधने, मोठी खोली, शिकलेली बाई, एवढे कोणत्या खेड्याला परवडणार? देशात तेव्हा गांधीजींच्या बुनियादी शिक्षणाचा विचार चालला होता. १९३७ च्या वर्धा परिषदेपासून काम करता करता शिकणे ही गोष्ट चर्चेत होती. पण सात वर्षांच्या आतल्या खेड्यातल्या लेकराचे काय, हा प्रश्न राहिलाच होता. ताराबाईंनी तो अंगावर घेतला.

१९४५ च्या डिसेंबरात त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले समुद्राकाठचे गाव, चिकूच्या वाड्यांचा मुलूख. त्याच वर्षी त्या भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता, गोदावरी परुळेकर त्यात होत्या. अशा धुमसत्या मुलखात ताराबाई गेल्या तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. सरकारी नोकरीत असते तर निवृत्तीचे कागद करायचे वय! बरोबर अनुताई वाघ आल्या. अनुताई मोरगावच्या, तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, नंतर शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. बोरिवलीच्या एका शिबिरात दोघींची गाठ पडली आणि पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे ही जोडी फुटली नाही.

आता बोर्डीत काय झाले ते नीट वाचा. सरपंच-ग्रामसेवकांनी तर दोनदा वाचावे.

बालवाडी उघडली. जागा नीट केली, साधने मांडली, वेळ ठरवली. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती मुले आलीच नाहीत. बऱ्या घरची आली. हरिजनवाड्यातली, वारल्यांची, मजुरांची नाही आली. कारणे शोधायला फार लांब जावे लागले नाही. आईबाप पहाटेच मजुरीला जात, मग सोडायला येणार कोण? पाच वर्षांच्या पोरीच्या कडेवर वर्षाचा भाऊ, त्याला टाकून ती येणार कशी? वाड्यातली मुले वरच्या आळीत येऊन बसणार हे काहींना खपत नव्हते, आणि तिथे कसे वागवतील याची वाड्यातल्या आयांनाही धास्ती होती.

अशा वेळी आपण काय करतो? हजेरीपटावर नावे लावतो, पालकांना समज देतो, अडाणी लोक आहेत म्हणून मोकळे होतो. मीही प्रात्यक्षिकाला शेतकरी आले नाहीत की हेच म्हणतो, खोटे कशाला बोलू? ताराबाईंनी उलटे केले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांत जाईल. टोपलीत सामान घेऊन बाई वाड्यात जाऊ लागली. कोणाच्या तरी सारवलेल्या अंगणात मुले जमवायची, तिथेच बालवाडी भरवायची. एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यावस्त्यांच्या अंगणात भरणाऱ्या बालवाड्या, असे दोन प्रकार झाले. अंगणात भरते ती अंगणवाडी. आजच्या योजनेत जो शब्द सिमेंटच्या इमारतीवर रंगवलेला दिसतो, त्याचा अर्थ मुळात इमारत नाही असा आहे, बरं का!

दासगावकरांना यात आणखी एक धागा सापडेल. बोर्डीच्या आधी अठरा वर्षे, १९२७ च्या डिसेंबरातच, महाडच्या परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने निघाले ते दासगावच्या बंदरात उतरले होते. कोणाला कुठल्या पाण्याला शिवता येईल, हा प्रश्न त्या वर्षी चवदार तळ्यावर विचारला गेला. कोणाचे मूल कुठल्या अंगणात बसेल, हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. ताराबाईंना तो बोर्डीत भेटला.

अंगणात गेल्यावर पहिला धडा अक्षराचा नव्हता. पहिला धडा आंघोळीचा. मुले खरजेने, उवांनी, फोडांनी हैराण होती. बायांनी पाणी तापवले, मुलांना न्हाऊ घातले, नखे कापली, केस विंचरले, फोडांना औषध लावले. खायला घातले. मोठ्या बहिणीने कडेवरचे पोर कुठे ठेवायचे, याचा उपाय पुढे असा निघाला की पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, ताई शाळेत, सगळी एकमेकांच्या नजरेत. त्याला विकासवाडी म्हणत. डोके किती साधे आणि किती पक्के! शिक्षणाच्या मोठ्या गोष्टी करणाऱ्यांना कडेवरचे पोर दिसत नाही. ते या बाईंना दिसले.

मग साधनांचा प्रश्न. दादरचे रंगीत ठोकळे वाड्यात कुठून आणायचे? बोर्डीत समुद्र होता, तर शिंपले आले. शेत होते, तर बिया आल्या. खडे, पाने, फुले, चिकणमाती, बांबू, काड्या. माँटेसरीबाईंचे तत्त्व तेच ठेवले, वस्तू बदलली. यात गरिबाची तडजोड होती असे कोणाला वाटेल. मला वाटत नाही. शहरातल्या मुलाला ठोकळा ही नवी वस्तू, ती आधी ओळखीची करून घ्यावी लागते. खेड्यातल्या मुलाचे हात बियांना, पानांना, मातीला जन्मापासून सरावलेले. त्याला फक्त त्यात फरक पाहायला शिकवायचे. फुकटचे साधन वेळ वाचवते, असे मी तरी म्हणेन.

तुमच्या घरी बघा. करवंट्या लहानमोठ्या असतात आणि एकात एक बसतात. एक चुकीची बसवली की पुढची बसत नाही, म्हणजे झाला दट्ट्यांचा खेळ. बांबूच्या काठीचे एक वीत, दोन वीत, तीन वीत असे तुकडे केले की झाली मापाची जिन्याची पायरी. कडा मात्र घासून घ्या, बांबूची कुसळे फार वाईट. चिंचोके, सागरगोटे, रिठे मोजायला उत्तम. एकच सावधगिरी. रानातून मुले लालकाळ्या गुंजा गोळा करून आणतात, दिसायला सुरेख, पण चावल्या तर जबरी विषारी. गुंजा अंगणवाडीत नको. आणि दोन वर्षांच्या आतले पोर जवळ असेल तर बारीक बिया नकोत, नाकात-घशात जातात.

१९५७ मध्ये काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या. सभोवती वारल्यांचे पाडे. इथे आणखी एक अडचण उभी राहिली. जरा मोठी झालेली मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जात. त्यांना शाळेत बसवायचे तर गुरे कोण राखणार, आणि गुरे नाही राखली तर घर चालायचे कसे? मास्तरांनी कितीही समजावले तरी पोटाचा हिशोब बदलत नाही. मग शाळाच गुरांमागे गेली. जिथे गुरे चरत तिथे शिक्षक जाऊन बसे, झाडाखाली मुले जमत, गुरांवर एक डोळा ठेवून शिकत. हीच कुरणशाळा. फळा नाही, बाक नाही, घंटा नाही. दगड, पाने, काड्या, समोर चरणारी जनावरे, हेच साहित्य. रात्री पाड्यांवर रात्रशाळा चालत, दिवसा मजुरी केलेल्यांसाठी.

ताराबाई स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. या गोष्टी पटकन सांगून टाकतो, कारण त्या कुठल्याही पुस्तकात सापडतील.

आता आपल्या मुलखात या. महाड-पोलादपूरच्या डोंगराला लागून कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, वर धनगरवाडे आहेत. दिवाळी झाली की वाडीतली कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर बाहेर पडतात आणि मिरगाच्या आधी परततात. मुलेही बरोबर जातात. अंगणवाडी गावात, वाडी ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की तीन-चार वर्षांचे पोर पाठवायचे कोणाच्या जिवावर? पावसानंतर ओढा उतरतो तेव्हा पोर भट्टीवर असते. वर्ष संपते, नाव पटावर राहते. बोर्डीची गोष्ट हीच आहे, फक्त गाव आपले.

मग तुमच्या हातात काय आहे? एक तर वेळ ओळखा. जून ते दिवाळी वाडी भरलेली असते, कारण लावणी-कापणीला तुम्हालाच ती माणसे लागतात. हे चार-पाच महिने अंगण वाडीत न्यायचे. भर पावसात अंगण कसले, म्हणाल. मग पडवी, ओटी, वाडीतले समाजमंदिर. सेविकाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यांना आणखी एक फेरा घाला असे मी खुर्चीवरून सांगणार नाही. पण ग्रामपंचायतीने ठरवले तर आठवड्यातले दोन दिवस कोणीतरी पाळीने जाऊ शकते. वाडीतलीच एखादी शिकलेली मुलगी तयार होऊ शकते. आणि लावणीला मजूर आणायला तुमची गाडी वाडीवर जातेच, तीत टोपलीभर सामान न्यायला काय हरकत आहे?

धडा काय द्यायचा, याची चिंता करू नका. शेतकऱ्याच्या घरात धडे पडलेले असतात. मी वाडीवर केलेला एक सांगतो. गोणपाटाचा ओला तुकडा घ्या. त्यावर घरच्या भाताचे शंभर दाणे मांडा, दहाच्या दहा ओळी. दाणे मुलांनीच मोजायचे, मुलांनीच मांडायचे. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाणी शिंपडायची पाळी लावून द्या, पोरे पाळीवरून मारामारी करतात. सात-आठ दिवसांनी उलगडा आणि किती उगवले ते मोजा. ऐंशी किंवा जास्त आले तर बियाणे पेरायला चांगले. कमी आले तर बियाणे बदला, नाहीतर पेरायचे प्रमाण वाढवा. शंभरात किती, म्हणजेच टक्के, हे मुलाला न सांगता समजते. दुसरा प्रयोग मिठाच्या पाण्याचा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात भात सोडा. पोकळ दाणे तरंगतात, भरलेले तळाला जातात. तरंगणारे काढून टाकायचे, उरलेले दोनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. बुडणे आणि तरंगणे हा शाळेतल्या विज्ञानाचा धडा आणि तुमची बीजप्रक्रिया, एकाच बादलीत.

पिशवीकडे बघणारा तो पोरगा आठवतो ना? त्याने गोणपाटाचा प्रयोग घरी परस्पर केला. बापाने मडक्यात राखलेल्या भाताचे शंभर दाणे न विचारता घेतले म्हणून आधी ओरडा खाल्ला. उगवले फक्त एकसष्ट. बाप दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला, पोराने घाबरवून सोडलंय म्हणाला. आम्ही दोघांनी पुन्हा चाचणी लावली, चौसष्ट आले. मडक्यात ओल गेली होती. त्या वर्षी त्यांनी बियाणे बदलले. मी त्याच वाडीत दोन वर्षे हीच चाचणी करा म्हणून सांगत होतो, कोणी केली नव्हती.

दासगावात एक धडा अवघड आहे, तरी त्याबद्दल बोलले पाहिजे. २००५ च्या जुलैत इथे डोंगर खाली आला. २०२१ च्या जुलैत आपल्याच तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. ज्यांची माणसे गेली त्या घरांतली मुले आता मोठी झाली, पण धाकटी पोरे विचारतात की डोंगर का पडला. आपण त्यांना गप्प बसवतो. ताराबाईंच्या पद्धतीने चालायचे तर मुलाचा प्रश्न हाच धडा असतो. आंब्याच्या दोन रिकाम्या पेट्यांत तळाला गोणपाट घालून माती भरा. एकीत नाचणी दाट पेरा, दुसरी मोकळी. पंधरा-वीस दिवसांनी दोन्ही सारख्या तिरप्या ठेवा आणि झारीने सारखे पाणी घाला. खाली पातेली ठेवा. एका पातेल्यात गढूळ गाळ येतो, दुसऱ्यात पाणी बरेच निवळ. मातीची धूप मुलांना डोळ्यांनी दिसते. पण त्यांना खोटा दिलासा देऊ नका. गवत वरची माती धरते, अख्खा डोंगर धरत नाही. दरडीत पाणी खोलवर मुरते, भिजलेल्या मातीचे वजन वाढते, पकड सुटते आणि उतारच निसटतो. म्हणून मोठ्या मुलांना खुणा शिकवा. जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे-खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा बंद पडणे. असे काही दिसले तर वाट न बघता मोठ्यांना सांगायचे, आणि मोठ्यांनी पोलीस पाटलांना आणि तलाठ्यांना कळवून घर सोडायचे. मुले रानात आपल्यापेक्षा जास्त हिंडतात. भेग आधी त्यांनाच दिसण्याची शक्यता आहे.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी वारल्या. काम अनुताईंनी पुढे नेले, त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्याही गेल्या. ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात सुरुवातीला निवडले गेले त्यात अमरावती जिल्ह्यातले धारणी होते. ज्या अमरावतीतून बाई एकेकाळी लहानग्या लेकीला घेऊन बाहेर पडल्या, तोच जिल्हा. योजनेतल्या केंद्राला नाव अंगणवाडी हेच पडले.

या मिरगानंतर आमच्या सेविकाताईंनी वाडीतल्या दोन ओट्या ठरवून ठेवल्या आहेत. एक घर ओढ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. गुरुवारी मी सूप, चाळण आणि गोणपाटाचे तुकडे घेऊन जाणार आहे. तक्ता या वेळी ऑफिसात ठेवला आहे.